जिभेची डावी कड

हे लिहायला बसले त्याचं पहिलं कारण चांगलं नाही. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "लिहून काढा, दुसऱ्या बायकांच्या उपयोगी पडेल." पडो. पण माझ्या डोक्यात तेव्हा दुसऱ्या बायका नव्हत्या, मामा होता. त्याने हे वाचावं आणि वाचताना त्याच्या शेजारी चार माणसं बसलेली असावीत, एवढंच मला हवं होतं.

आधी त्याचे उपकार लिहिते, कारण ते खरे आहेत. दातिवऱ्याच्या आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. वडील मासेमारीच्या बोटीवर होते. मी सातवीत असताना ते गेले. आई सुकी मासळी विकायची. दहावीनंतर मामाने, म्हणजे आईच्या थोरल्या भावाने, मला बोईसरला स्वतःच्या घरी आणलं. पाच वर्षं मी तिथे राहिले, जेवले, शिकले. मामीने कधी ताटात कमी वाढलं नाही. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले, तारापूरच्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये लागले, खोली घेतली आणि आईला दातिवऱ्याहून आणलं. हे सगळं त्या घरामुळे झालं. ते मी नाकारत नाही, आणि म्हणूनच माझा राग कोणाला कळत नाही.

मशेरी

मामाचं दुकान मशेरीचं. तंबाखू मोठ्या तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, चाळायची. बायका ती बोटावर घेऊन दातांना घासतात आणि तोंडात धरून बसतात. आमच्याकडे सकाळी चहाच्या आधी मशेरी. ती लावल्याशिवाय दिवस सुरू होत नाही. मला आईने नऊ वर्षांची असताना बोटावर दिली, तिला तिच्या आईने दिली होती. त्यात वाईट काही आहे असं कोणाच्या मनात नव्हतं. बाप्ये तंबाखू खातात, ते व्यसन. बायका मशेरी लावतात, ते दात घासणं.

बोईसरला आल्यावर कॉलेजमधून परतले की मी दुकानामागच्या खोलीत मशेरी चाळायचे. तोंडाला ओढणी बांधून, कारण खोकला यायचा. अकरावीत असताना मामाने छापील पुड्या करायचं ठरवलं. म्हणाला, "तू सायन्सची आहेस. पुडीवर काय लिहायचं ते तूच लिही. तुझं अक्षर पण चांगलं आहे."

मी लिहिलं. ते काय लिहिलं ते पुढे सांगते.

डाग

डाग जिभेच्या डाव्या कडेला होता. तुरीच्या डाळीएवढा, पांढरा. दुखत नव्हता. सायीसारखा दिसायचा, पण घासून निघत नव्हता. सणाला मामाकडे गेले तेव्हा त्याला दाखवला. त्याने मला दाराच्या उजेडात उभं केलं, जीभ बघितली आणि म्हणाला, "उष्णता आहे. लॅबमध्ये उभी असतेस दिवसभर. थोडी जास्त लाव आणि त्या जागेवर दाबून धर, जाईल."

आठ महिने मी सकाळ-संध्याकाळ ती पूड नेमकी त्या डागावर दाबून धरली. हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

डाग तुरीच्या डाळीचा पावट्याएवढा झाला, खरखरीत झाला. तिखट लागलं की झोंबायला लागलं. मग बोईसरच्या दातांच्या डॉक्टर मॅडमकडे गेले.

तंबाखू: नाही

दवाखान्यात फॉर्म असतो. नाव, वय, मधुमेह, रक्तदाब. मग तंबाखू, गुटखा, सिगारेट: होय किंवा नाही. मी ‘नाही’वर खूण केली. खोटं बोलले नाही. मला विचारलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं. मी तंबाखू खाणाऱ्या माणसाशेजारी रिक्षातही बसत नसे.

मॅडमनी व्हिटॅमिन दिलं. एक टोकदार दाढ घासून गुळगुळीत केली. महिन्याने पुन्हा बोलावलं, तोंडात लावायचं मलम दिलं. डाग तसाच. मग त्या म्हणाल्या, तुकडा काढून तपासू. सुई टोचली, जीभ बधिर झाली, त्यांनी मुगाएवढा तुकडा काढला आणि एक टाका घातला. त्या दिवशीही फॉर्म होता. मी पुन्हा ‘नाही’ लिहिलं.

रिपोर्ट आला त्या दुपारी मी पहिल्या पाळीवरून तशीच गेले. मॅडमनी दार लावून घेतलं तेव्हाच मला कळलं. त्या म्हणाल्या, "कॅन्सर नाही. आधी हे ऐका. पण पेशी बदलायला लागल्यात. तिकडे निघालेल्या आहेत असं समजा. काढून टाकावं लागेल."

मी मान हलवली. त्या पुन्हा माझ्या तोंडात बघत होत्या. "एक कळत नाही. तुम्ही काहीच खात नाही, मग दातांच्या फटीत हे काळं काय आहे?"

"मशेरी आहे. सकाळी लावते."

"ती कशाची करतात?"

"तंबाखू भाजून," मी म्हणाले.

माझा आवाज मला ऐकू आला. मॅडमनी हातातला आरसा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तुम्ही बी.एस्सी. ना?"

त्या बाईने माझी जीभ वाचवली. तरी त्या प्रश्नासाठी मी तिला बरेच दिवस माफ केलं नव्हतं. फॉर्मवर ‘मशेरी’ हा एक शब्द जास्त असता तर दोन महिने वाचले असते, हे मी तिला पुढे सांगितलं. तिने ऐकून घेतलं. आता तिच्या फॉर्मवर तो शब्द आहे.

संध्याकाळी मामाला फोन केला. रडत होते, तरी सगळं नीट सांगितलं. मशेरीने झालं हेही सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मशेरीने कुठे होतं गं? कंपनीत केमिकलचा वास घेतेस, त्याचं आहे. तारापूरला कोण धड आहे?"

दोन दिवसांत सगळ्या नातेवाइकांना कळलं, नयनाला कंपनीचं झालं. लोकांनी लगेच विश्वास ठेवला, कारण तारापूरच्या हवेबद्दल काहीही सांगितलं तरी खरं वाटतं. आईनेही ठेवला. "दादा सांगतो ता खोटा कसा असंल? नोकरी सोड बाय." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच आई ओट्यावर बसून दादाच्या दुकानची मशेरी लावत होती.

त्या सकाळी माझी भीती कमी झाली. तिची जागा रागाने घेतली. खोटं सांगत नाही, त्याची मला मदत झाली.

खाट

ऑपरेशन मुंबईला झालं. डाग आणि भोवतीची थोडी जीभ काढली, टाके घातले. शुद्धीवर आले तेव्हा तोंडात जीभ नव्हती, ओल्या कापडाचा गोळा होता. असं वाटेल, घाबरू नका. ती जीभच असते.

वॉर्डात सहाला दिवे लागायचे. सिस्टर ताप बघायची, मग गुळण्यांचं औषध. बोलायला बंदी, म्हणून वही आणि पेन दिलं होतं. खायला फक्त थंड आणि पातळ. आई तांदळाची पेज करून आणायची. मीठ झोंबतं म्हणून बिनमिठाची. जन्मभर मासळीला मीठ लावलेल्या त्या बाईने मीठ न घालता काही शिजवलं असेल तर ते तेवढंच. ती प्रत्येक वेळी स्वतः चाखायची आणि तोंड वाकडं करायची.

शेजारच्या खाटेवर विक्रमगडकडच्या एक मावशी होत्या. त्यांचा डावा गाल काढला होता. त्यांनी मला चमचा उजव्या बाजूने कसा आत घालायचा ते दाखवलं. मग माझ्याकडे बोट करून दातांवर बोट घासल्याची खूण केली आणि भुवया उडवल्या. मी मान हलवली. त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. त्या वॉर्डातलं माझं सगळ्यात लांब संभाषण ते.

दुसऱ्या दिवशी मामा आला. नारळ आणि बिस्किटं घेऊन. बिस्किटं मला खाता येणार नव्हती. तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहून सिस्टरला सांगायला लागला, "कंपनीत केमिकलमध्ये काम करते ना. त्यानेच झालं. आमच्याकडे घरोघरी असंच."

मी सगळं ऐकत होते आणि माझी जीभ शिवलेली होती.

मी वही ओढली आणि लिहिलं, ‘हे मशेरीने झालं. मामाला माहीत आहे.’ पान फाडून आईच्या हातात दिलं. आईला वाचता येत नाही. तिने कागद भावापुढे धरला. "काय म्हनतं ती?"

मामाने वाचलं. पूर्ण वाचलं, मी त्याचे डोळे बघत होते. मग म्हणाला, "पाणी मागतेय."

आईने घाईघाईने फुलपात्र माझ्या ओठांना लावलं. मी प्यायले. दुसरं काय करणार होते. टाक्यांवरून ते पाणी गेलं तेव्हा मी ठरवलं की मला बोलता आलंच पाहिजे.

सराव

टाके निघाल्यावर डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास मोठ्याने बोला, कुठलंही वाक्य घ्या. र, ल आणि ट, ड अवघड जातात. मी माझं वाक्य घेतलं. आरशासमोर उभं राहून रोज म्हणायचे, "मामा, हे तुझ्या पुडीने केलं. ते वाक्य माझं होतं आणि ते खोटं आहे." सुरुवातीला ‘पुडी’ हा शब्द नीट यायचा नाही. जीभ वरपर्यंत पोचायची नाही, लाळ गळायची. ज्यांना हा सराव करायचा आहे त्यांना सांगते, देवाचं नाव घेऊन करा किंवा शिव्या देऊन करा, पण जे मनापासून म्हणायचं आहे तेच वाक्य घ्या. लवकर येतं. मला पाच आठवड्यांत आलं.

आई भाजी निवडताना ऐकायची. एकदा म्हणाली, "भाव हाय तो माजा. तुला त्यानीच शिकवला." मी म्हणाले, "माहीत आहे." आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

बाजार

मामा दर आठवड्याला वाणगावच्या बाजारात बसायचा. किनाऱ्यावरच्या बायका येतात, डोंगरातल्या येतात, आणि बहुतेक जणी पुडी घेऊन जातात. मी प्लास्टिकचं स्टूल, टॉर्च आणि त्याचीच एक पुडी घेतली आणि त्याच्यापासून दहा पावलांवर बसले.

पहिली बाई थांबली. "काय इकतंस गो?"

"काही नाही. जीभ दाखवते."

ती हसली. "येडी झाली काय?"

"फुकट आहे. बघून जा."

मी टॉर्च पेटवून तोंड उघडलं. तिचं हसू गेलं. मागून आणखी दोघी वाकल्या. "आय गो, कापली काय?"

"कापली. मशेरीने आलेला डाग होता."

"मशेरीनी काय व्हतंय? माजी आजी मरंपर्यंत लावत व्हती."

"कशाने गेली आजी?"

"तोंडान फोड आलेला," ती म्हणाली. मग पाटी डोक्यावर घेऊन गेली. जाता जाता मामाकडून पुडी घेतलीच, माझ्याकडे न बघता.

मामा लांबून ओरडला, "भाची आहे माझी. कंपनीच्या वासाने डोक्यावर परिणाम झालाय, मनावर घेऊ नका."

मी उभी राहिले आणि सरावाचं वाक्य म्हटलं. सगळी अक्षरं आली. मग पुडी वर धरली. तिच्यावर हसणाऱ्या बाईचं चित्र आहे आणि खाली माझ्याच अक्षरावरून केलेला छाप आहे. मी वाचून दाखवलं, "‘दातांना बळकट, हिरड्यांना गुणकारी, रोज वापरा.’ हे मी लिहिलंय. अकरावीत होते. मला दातांतलं काही कळत नव्हतं. ह्याच्यात भाजलेल्या तंबाखूशिवाय काही नाही. मी चाळलीय."

दुसऱ्या आठवड्याला काही जणी स्वतः विचारत आल्या. एका म्हातारीने मला स्वतःची जीभ दाखवली, आपणच खळखळून हसली आणि म्हणाली, "माजी पन फुकट." मामाच्या पुढची पाटी दुपारपर्यंत अर्धीच रिकामी झाली होती. मी मान वळवून वळवून ती बघत होते. जखमेला कुठल्या मलमाने इतका गारवा दिला नसेल.

त्या संध्याकाळी मामा आमच्या खोलीवर आला. चप्पल न काढता दारात उभा राहिला आणि आईला म्हणाला, "पोरीला आवर. नाहीतर ह्या भाऊबीजेला माझ्या दारात येऊ नको."

आई खाली बसून बोंबील निवडत होती. ती उठली, हात पुसले, फळीवरच्या डब्यातून घडी घातलेला कागद काढला. हॉस्पिटलमधला. मला वाटलं होतं तो तेव्हाच केरात गेला.

"दादा, मी नाय येत. पन ह्या कागदावर काय लिवलाय ता आदी वाच."

मामाने कागदाला हात लावला नाही.

"सिस्टरकडनं वाचून घेतला मी. तू गेलास त्याच दिवशी." आईचा आवाज चढला नव्हता. "मी तिला पानी पाजला रे. तुज्या सांगन्यावरनं."

एवढे आठवडे तिला माहीत होतं. माझा सराव ऐकताना माहीत होतं. भाऊ आणि मुलगी यांच्यामध्ये ती तेवढे दिवस एकटी बसून होती. मी तिच्यावरही चिडले होते, ते त्या दिवशी संपलं. मामाबद्दलचं नाही संपलं. तो गेल्यावर आईने मशेरीचा डबा मोरीत उपडा केला आणि दोन दिवस डोकं धरून, चिडचिड करत काढले. सुटायला तिला दोन महिने लागले. मध्ये तीन वेळा तिने चोरून लावली, तेही लिहिते, कारण पहिल्या झटक्यात सुटत नाही म्हणून बायका हात टेकतात.

मामी

तिसऱ्या आठवड्याला बाजारात माझ्यासमोर चार-पाच बायका होत्या. त्यांच्या मागे पदर तोंडाशी धरून मामी उभी होती. ज्या बाईने मला पाच वर्षं जेवू घातलं, ती नवऱ्याच्या पाटीसमोर माझ्या स्टुलाच्या रांगेत उभी होती. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "बाय, माजा बग." आणि तोंड उघडलं.

मी टॉर्च धरली. उजव्या गालाच्या आत, दाढेजवळ, पांढरं होतं.

आता जे लिहिते ते कोणी अशा लेखात लिहीत नाही. मला आनंद झाला. एक क्षण, पण पुरता. वाटलं, मामाला म्हणावं, आता हिला सांग, कंपनीची हवा. ती बाई आयुष्यात कंपनीच्या फाटकापर्यंत गेलेली नव्हती. मग तिने तोंड मिटलं आणि माझ्याकडे बघितलं. मी टॉर्च विझवली.

"काय हाय?" तिने विचारलं.

"उद्या माझ्याबरोबर चल," मी म्हणाले. "मामालाही आण. त्याच्याशिवाय मी नेणार नाही." हे शेवटचं म्हणायची गरज नव्हती. मुद्दाम म्हटलं.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. मामीचा डाग सुरुवातीचा निघाला. मशेरी बंद केल्यावर बराचसा ओसरला, कापावं लागलं नाही. दर तीन महिन्यांनी आम्ही दोघी तपासायला एकत्र जातो. माझा पुन्हा आलेला नाही. येऊ शकतो, म्हणून मी रोज दाराच्या उजेडात जीभ बघते. तुम्हीही बघा. पंधरा दिवसांत न जाणारा पांढरा किंवा लाल डाग असेल तर कोणा मामाला दाखवू नका, डॉक्टरला दाखवा. आणि विचारलं नाही तरी मशेरी सांगा.

मामाने अजून दुकान बंद केलेलं नाही. पुड्यांवरचं ते वाक्य काढलंय. मी त्याला माफ केलेलं नाही, आणि त्याने माफी मागितलेलीही नाही. पण एक गोष्ट मला मिळाली.

ती त्या बाजारानंतरच्या दुसऱ्या दिवशीची. दवाखान्यात बाकावर दहा-बारा माणसं होती. मामीला लिहिता येत नाही, म्हणून फॉर्म मी भरत होते. मामा भिंतीला टेकून उभा होता. नाव लिहिलं, वय लिहिलं, मधुमेह नाही लिहिलं. मग पेन थांबवलं.

"तंबाखू?" मी विचारलं.

"नाय गो," मामी लगेच म्हणाली. "मी कदी हात नाय लावला."

मी तिच्याकडे बघितलं नाही. मामाकडे बघत राहिले. उत्तर मला माहीत होतं. मला ते त्याच्या तोंडून हवं होतं.

"मशेरी लावते," तो खाली बघून म्हणाला.

"ऐकू आलं नाही, मामा."

बाकावरची माणसं वळली. त्याने घसा साफ केला. "मशेरी लावते. तीस वर्षं."

"कुठली?"

तो बायकोकडे बघत राहिला. ती गालावर हात ठेवून, कधी बोलावतात म्हणून दाराकडे बघत होती.

"माझ्या दुकानातली," मामा म्हणाला. मोठ्याने म्हणाला.

मी तसंच लिहिलं. अक्षर माझं अजून चांगलं आहे.